तारखांऐवजी तोडगा: खान्देशातल्या पक्षकारांसाठी मध्यस्थी आणि लवादाची वाट

बांध कोरला, वाट अडवली, केळीच्या गाडीचे पैसे थकले, वाटणीत बहिणीचं नावच घेतलं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वकिलांकडे येणारे पुष्कळ दिवाणी वाद याच जातीचे असतात. समोरचा माणूस बहुधा परका नसतो. चुलतभाऊ असतो, शेजारचा शेतकरी असतो, नाहीतर वर्षानुवर्षं माल उचलणारा व्यापारी असतो. निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी त्याच्या बांधाला बांध लावूनच जगायचं असतं. दावा टाकण्याआधी, किंवा दावा चालू असतानाही, दुसरे कोणते रस्ते मोकळे आहेत आणि ते कसे धरायचे, हे पहिल्यांदाच या भानगडीत पडलेल्या माणसासाठी इथे सांगतो.

सुरुवातीला स्वतःला एकच प्रश्न विचारा: निर्णय कोणाच्या हातात ठेवायचा आहे? मध्यस्थीत आणि लोकअदालतीत तो तुमच्याच हातात राहतो, तुमच्या सहीशिवाय काही ठरत नाही. लवादाचं तसं नाही. तिथे माणूस आणि नियम तुम्ही निवडता, निर्णय मात्र तो देतो, आणि निवाडा पटला नाही म्हणून मागे फिरता येत नाही. पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

वाद या वाटेचा आहे का?

शेताची हद्द, वहिवाटीचा रस्ता, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, वाटणी, उसनवारी, मालाची थकबाकी, भाडं, अपघाताची नुकसानभरपाई, नवरा-बायकोतली पोटगी आणि मुलांचा ताबा, न वटलेल्या चेकचा खटला: हे सगळं तडजोडीत बसतं. फौजदारीत मात्र कायद्याने आपसात मिटवता येणारे गुन्हेच चालतात. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, अॅट्रॉसिटीचे गुन्हे कोणी ‘आपसात मिटवू’ म्हणाला, तर त्या बैठकीला जाऊच नका.

घरात मारहाण होत असेल तर आधी बाईची सुरक्षितता, मग बाकीचं. जिवाच्या भीतीने केलेली सही ही संमती नव्हे. तसंच उद्या सकाळी कोणी जेसीबी घालून बांध पाडणार असेल, तर आधी कोर्टातून मनाई हुकूम मागा. तडजोडीची बोलणी त्यानंतरही करता येतात.

जातपंचायतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गावातल्या चार जाणत्यांनी दोघांना एकत्र बसवणं चांगलंच आहे. पण दंड ठोकणं, वाळीत टाकणं, पाणी किंवा देवळात येणं बंद करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा ठिकाणी झालेल्या ‘न्यायाला’ मध्यस्थी म्हणू नका.

काही शेतीच्या वादांना तहसील कार्यालयातच दार आहे. अस्तित्वात असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे. आणि माझी जमीन तुझ्या ताब्यात, तुझी माझ्या ताब्यात, असा अदलाबदलीचा जुना घोळ असेल, तर राज्य सरकारने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. किमान १२ वर्षांचा ताबा असेल तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. योजनेला मुदत घातलेली आहे, म्हणून आधी तलाठ्याकडे चौकशी करा.

मुदतीकडे पाठ फिरवू नका

‘बोलणी चालू आहेत’ या भरवशावर लोक तीन-तीन वर्षं काढतात आणि मग कळतं की दाव्याची मुदतच संपली. उसने पैसे, मालाची थकबाकी यांसाठी साधारण ३ वर्षांची मुदत असते. गावातल्या बैठका किंवा लोकअदालतीत टाकलेला दाखलपूर्व अर्ज यांनी हे घड्याळ थांबत नाही. म्हणून समोरचा बोलायला तयार असेल तर मुदत संपण्याआधीच त्याच्याकडून ‘अमुक रक्कम देणं बाकी आहे’ असं तारखेसह लिहून, सही घेऊन ठेवा. त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. मुदत संपल्यावर घेतलेल्या कबुलीला हा फायदा नाही.

चेकचं गणित तर दिवसांचं आहे. चेक परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, आणि ते दिवस संपले की १ महिन्याच्या आत तक्रार. तडजोड खटला दाखल झाल्यावरही होते. तारखा आधी सांभाळा.

अर्ज कुठे आणि कसा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. चोपडा, रावेर, शिरपूर किंवा शहाद्याच्या माणसाने पहिल्या चौकशीसाठी जिल्ह्याला खेटा घालायची गरज नाही. घरबसल्या विचारायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.

दावा दाखल नसेल तर साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा: दोन्ही पक्षांची नावं-पत्ते, वाद काय, तुमची मागणी काय, सोबत कागदांच्या झेरॉक्स. याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात आणि याला कोर्ट फी लागत नाही. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं. तो आलाच नाही तर त्याला ओढून आणता येत नाही, मग दाव्याचा रस्ता मोकळाच आहे.

दावा चालू असेल तर तारखेला उभं राहून न्यायाधीशांना सांगा की आम्हाला मध्यस्थीकडे पाठवा, किंवा वकिलांमार्फत तसा अर्ज द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार कोर्ट पाठवू शकतं. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातले मध्यस्थ म्हणजे ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेले वकील किंवा न्यायाधीश, आणि त्यांची फी पक्षकाराला द्यावी लागत नाही. तडजोड झाली तर दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळण्याचीही तरतूद आहे. मोठ्या रकमेच्या दाव्यात ही रक्कम थोडीथोडकी नसते.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, बहुधा शनिवारी भरते. त्या दिवशी पॅनलसमोर गर्दी असते आणि एका प्रकरणाला मिनिटंच मिळतात. म्हणून माझं मत असं: चेक, अपघात, बँकेची थकबाकी यांसारखा निव्वळ रकमेचा वाद लोकअदालतीत न्या. भाऊबंदकीचा, मनं दुखावलेला वाद मध्यस्थीत न्या, जिथे तासभर ऐकून घेतलं जातं, आणि हवं तर पुढची बैठकही मिळते.

वकील परवडत नसेल तर मोफत मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. धडगाव-अक्कलकुव्यातल्या आदिवासी बांधवांपर्यंत ही माहिती अजून पुरेशी पोहोचलेली नाही, याचं वाईट वाटतं. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे.

जाण्याआधीची तयारी

ताजा सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार, मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा. पैशांच्या वादात बिलं, वजनाच्या पावत्या, बँकेचा उतारा, व्हॉट्सअॅपवरचे निरोप छापून. हद्दीचा वाद मोजणीशिवाय मिटवायला जाऊ नका. दोघेही आपापल्या आठवणीतला बांध सांगतात आणि बोलणी तिथेच अडकतात.

मग घरी बसून दोन आकडे काढा. खटला चालवला तर वकिलाची फी, जाण्यायेण्याचे दिवस, हंगामात बुडणारं काम, आणि खालच्या कोर्टात जिंकलं तरी पुढे अपील, असं सगळं धरून किती जाईल? आणि तडजोडीत कमीत कमी किती मिळालं तर सही करायची? दुसरा आकडा समोरच्याला सांगायचा नसतो. तुमच्या मनात मात्र तो पक्का हवा, नाहीतर तिथे भावनेच्या भरात होकार किंवा नकार जातो.

आणि ज्यांचा हक्क आहे त्या सगळ्यांना बरोबर न्या. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. तरी आपल्याकडे भाऊ-भाऊ बसून वाटणी करतात आणि बहिणीला अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आली की सही करायला सांगतात. हे करू नका. बहिणीला पहिल्या बैठकीपासून बोलवा. तिने स्वखुशीने हक्क सोडला तर तो रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडू द्या. तिला वगळून केलेली तडजोड पुढे कधीही तिच्या किंवा तिच्या मुलांच्या दाव्यात सापडू शकते.

मध्यस्थीच्या खोलीत

उंच आसन नाही, आरोपीचा पिंजरा नाही. टेबलाभोवती सगळे बसतात. मध्यस्थ आधी नियम सांगतो: एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, आणि इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. बोलणी फिसकटली तर तो न्यायाधीशांना एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. कोण काय म्हणालं, कोण किती द्यायला तयार होतं, हे कोर्टाला कळत नाही. त्यामुळे मोकळं बोलता येतं.

मग तो दोघांना वेगवेगळं भेटतो. खरी गोष्ट इथे बाहेर येते. समजा यावल तालुक्यातला एक शेतकरी एकत्र बैठकीत तावातावाने म्हणतो, “त्यानी मन्हा बांध कोरी टाका!” दोन फूट जमीन परत हवी, दंड हवा, माफी हवी. एकट्याने बसल्यावर मध्यस्थ विचारतो, “आप्पा, ती दोन फूट मिळाली तर तुमचं अडलेलं काम होईल का?” थोडा वेळ गप्प राहून आप्पा म्हणतात, “माले फक्त वाट जोयजे.” केळी काढणीला येते तेव्हा गाडी आत न्यायला रस्ता नाही आणि दरवर्षी डोक्यावर घड वाहून आणायला मजुरी जाते, हे खरं दुखणं. दाव्यात मात्र हद्द आणि अतिक्रमण एवढंच लिहिलेलं. कोर्ट मागणीपुरताच हुकूम देऊ शकतं. मध्यस्थीत तो शेजारी बांधाच्या दोन फुटांऐवजी शेताच्या कडेने गाडीवाट देऊ शकतो, आणि त्याला त्याबदल्यात आप्पांच्या कूपनलिकेवरून पाइपलाइन नेऊ दिली जाऊ शकते.

वेगळ्या भेटीत मध्यस्थाला सांगितलेली एखादी गोष्ट समोरच्याला सांगायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि मध्यस्थ दबाव टाकतोय असं वाटलं तर उठून या. त्याला निकाल द्यायचा अधिकारच नाही.

तडजोडनामा लिहिताना

मिटलेले वाद पुन्हा उकरले जातात ते बहुतेक वेळा कागद ढिसाळ लिहिल्यामुळे. “दोन्ही पक्षांनी यापुढे सामोपचाराने राहावे व वाटेस अडथळा करू नये.” वाचायला छान, अंमलात आणायला निरुपयोगी. कोणती वाट? किती रुंद? ट्रॅक्टर चालेल का? त्याऐवजी असं लिहा:

“गट क्रमांक अमुकच्या पश्चिम बांधालगत, दक्षिणेकडील शिवरस्त्यापासून उत्तरेकडील विहिरीपर्यंत १२ फूट रुंदीची वाट लिहून देणार यांनी अमुक तारखेपर्यंत मोकळी करून द्यावी. या वाटेने लिहून घेणार, त्यांचे वारस व मजूर यांना पायी, बैलगाडी, ट्रॅक्टर व मालवाहू गाडीने बाराही महिने जाता येईल. सोबतचा सहीचा नकाशा या तडजोडीचा भाग आहे.”

पैशांचं असेल तर एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, पैसे कोणत्या खात्यावर, आणि हप्ता चुकला तर काय: उरलेली सगळी रक्कम एकदम देणं होईल का, व्याज किती लागेल. विहिरीचं असेल तर कोणाची पाळी कोणत्या वारी, वीजबिल कसं वाटायचं, मोटार जळाली तर खर्च कोणाचा. एकमेकांवरच्या कोणत्या केसेस कोण कधी मागे घेणार, तेही. नंतर ‘मला कळलं नव्हतं’ म्हणायला जागा नको म्हणून मराठीत लिहा आणि सहीआधी मोठ्याने वाचून घ्या.

त्यानंतर हा कागद कायद्याच्या दृष्टीने पक्का करून घ्या. गावच्या तंटामुक्ती समितीसमोर झालेला समझोता हा दोघांमधला करार असतो, तो मोडला तर पुन्हा दावाच टाकावा लागतो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने मध्यस्थीतल्या कराराला हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या अंतिम हुकुमाचं, बळ देण्याचं ठरवलं आहे, पण त्या कायद्याचे भाग टप्प्याटप्प्याने लागू होत आलेत. म्हणून सुरक्षित मार्ग असा: कोर्टाबाहेर मिटलेलं प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवा आणि निवाडा करून घ्या. चालू दाव्यातली तडजोड कोर्टात दाखल करून तिच्यावर हुकूमनामा घ्या. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. फसवणूक झाली असेल तर छत्रपती संभाजीनगरला, औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी लागते, म्हणून सही विचार करूनच करा.

जमिनीच्या तडजोडीत एक बारकावा आहे. दाव्यात नसलेली दुसरी जमीन तडजोडीत घातली तर तेवढ्यापुरती नोंदणी आणि मुद्रांक शुल्क लागतं. आणि हुकूमनामा कपाटात ठेवू नका, नक्कल घेऊन फेरफाराची नोंद करून घ्या.

लवाद: कधी आणि कसा

लवादाची फी पक्षकारांनाच भरावी लागते. लाख-दीड लाखाच्या वादासाठी लवाद नेमणं मला शहाणपणाचं वाटत नाही. भागीदारी, बांधकामाचा ठेका, जिनिंगचा मोठा सौदा, कोल्ड स्टोरेजचा करार अशा ठिकाणी तो उपयोगी पडतो, कारण त्या धंद्यातला जाणकार लवाद म्हणून निवडता येतो.

लवादासाठी लेखी संमती लागते. करार करतानाच कलम घाला, भांडण झाल्यावर त्यावर एकमत होणं अवघड. साधं कलम असं चालेल: “या करारातून उद्भवणारा कोणताही वाद दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमलेल्या एका लवादाकडे सोपवला जाईल. लवादाचे स्थान जळगाव राहील. कामकाज मराठीत चालेल.” लवादांची संख्या विषमच लागते.

वाद झाला की पहिलं पाऊल म्हणजे लवादाची लेखी नोटीस. ती समोरच्याला मिळाली त्या दिवशी लवाद सुरू झाला असं कायदा धरतो, आणि मुदतीचं घड्याळही तिथे थांबतं. ३० दिवसांत लवादाच्या नावावर एकमत झालं नाही तर उच्च न्यायालयाकडे अर्ज करायचा, म्हणजे आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. तातडीची मनाई हवी असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली जिल्हा न्यायालय. मात्र त्या हुकुमानंतर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. दोन्हीकडची कैफियत, म्हणजे लेखी म्हणणं, ६ महिन्यांत पूर्ण आणि पुढे १२ महिन्यांत निवाडा, असं वेळापत्रक कायद्यात आहे. दोघांची संमती असेल तर आणखी ६ महिने. करारात लवादाचं कलम असताना समोरचा थेट दावा टाकत असेल, तर त्या दाव्यात पहिलं म्हणणं देतानाच हरकत घ्या. नंतर उशीर होतो.

खान्देशात लवाद हा शब्द पुष्कळ लोकांच्या घरात पहिल्यांदा येतो तो मात्र ट्रॅक्टर किंवा गाडीच्या कर्जामुळे. हप्ते थकतात आणि मुंबई किंवा चेन्नईहून इंग्रजी नोटीस येते की वाद लवादाकडे गेला आहे. लोक ती वाचत नाहीत, पाकीट परत पाठवतात. मग एकतर्फी निवाडा होतो आणि एक दिवस इथल्या कोर्टातून वसुलीची दरखास्त, म्हणजे निवाडा अंमलात आणायचा अर्ज, दारात येते. म्हणून पाकीट घ्या, तारीख लिहून ठेवा, तालुका विधी सेवा समितीत किंवा वकिलाकडून वाचून घ्या. लवाद कंपनीने एकटीने नेमला असेल तर लेखी हरकत पाठवा. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. ‘या लवादाला माझी हरकत नाही’ असं मात्र कुठेही लिहून देऊ नका. भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडा. निवाडा झालाच असेल तर तो मिळाल्यापासून ३ महिन्यांत, फार तर सबळ कारणासह आणखी ३० दिवसांत, लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यावं लागतं. त्यापुढे कोणतंही कोर्ट उशीर माफ करू शकत नाही.

राष्ट्रीय महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला मोबदला कमी वाटला तर त्याचाही रस्ता लवादाचाच आहे. महामार्ग कायद्याच्या कलम ३ जी नुसार केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करायचा. शेतातली झाडं, विहीर, पाइपलाइन यांचे फोटो आणि पंचनामे जमीन ताब्यात जाण्याआधीच करून ठेवा. बहुराज्यीय पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीचा वादही बहुधा कायद्यानेच लवादाकडे जातो.

व्यापारी आणि कारखानदारांसाठी

३ लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती न करता टाकलेला दावा फेटाळला जातो, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा. इथे मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही.

जळगाव एमआयडीसीतला चटईवाला, पाइपवाला, डाळ मिलवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असेल तर त्याच्या हातात आणखी मोठं हत्यार आहे. अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला की ती आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो फसला तर लवाद. त्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. उद्यम नोंदणी मात्र माल पाठवण्याआधीच करून ठेवा.

केळी किंवा कापसाचे पैसे बाजार समितीच्या परवानाधारक व्यापाऱ्याने थकवले असतील, तर समितीच्या सचिवांकडे लगेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

समोरच्याने शब्द मोडला तर

लोकअदालतीचा निवाडा, तडजोडीचा हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा हातात असेल तर नवा दावा लागत नाही. दिवाणी कोर्टात दरखास्त दाखल करा. जप्ती, बँक खात्यावर टाच, बेलिफामार्फत ताबा, हे सगळे उपाय तिथे मागता येतात. मुदत साधारण १२ वर्षांची आहे. तरी पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने स्मरणपत्र पाठवा, पोचपावती तडजोडनाम्याला टाचून ठेवा आणि पुढच्या तारखेलाही पैसे आले नाहीत तर दरखास्तीसाठी हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागवा.